सरसकट जमा करा!

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक ओळ लिहून गेलो, की अमेरिकेतले उजवे बंदुकीबद्दल जे बोलतात त्यातलं निम्मं आमच्या सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला न शिकवता कळेल. झालं! व्हॉट्सॅप, ईमेल आणि दोन पोस्टकार्डं (अजून पाठवतात लोक, बरं वाटतं). कोणी म्हणतं शाब्बास, कोणी विचारतं तुम्हाला शाळेतली पोरं मेलेली चालतात का. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय म्हणून कोणाचंच छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न (कणकवली तालुका, बागायतदार): भाऊ, माझ्या वडलांपासून घरात ठासणीची (नळीत दारू ठासून भरायची) बंदूक आहे, शेती संरक्षणाचा परवाना. २०२४ साली दोनदा नेऊन पोलिसांकडे दिली, एकदा लोकसभेला, एकदा विधानसभेला. बंदूक ठेसनात नि केल्डे (माकडं) माडार. माझ्यावर आयुष्यात एक केस नाही. अमेरिकेत म्हणे भाजीसारखी बंदूक मिळते आणि कोणी जमा करून घेत नाही. मग ते शहाणे आणि आम्ही काय गुन्हेगार?

गुन्हेगार तुम्ही नाही, पण वागणूक तशी मिळते हे खरंय, आणि राग येणारच. तारखाच बघा ना. लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्च २०२४ ला, निकाल ४ जूनला, म्हणजे काजू पडायला लागल्यापासून हापूसच्या शेवटच्या पेट्या जाईपर्यंत बंदूक पोलिसांच्या कपाटात. विधानसभेची लागली १५ ऑक्टोबरला आणि निकाल २३ नोव्हेंबरला, म्हणजे भात कापायला आलेलं नाहीतर कापून पडलेलं, आणि डुकरं रात्री येऊन लोळून जातायत. केल्डे आणि डुकरं यांच्या सोयीनं कोणी मुद्दाम वेळापत्रक बसवलं असतं तरी इतकं छान जमलं नसतं.

आता नियम काय आहे ते ऐका, कारण हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. निवडणूक आयोगाची सूचना 'सगळ्यांच्या बंदुका घ्या' अशी नाहीच. जे जामिनावर सुटलेत, ज्यांच्यावर आधी गुन्हे आहेत, जे पूर्वी दंगलीत सापडलेत, त्यातही निवडणुकीच्या वेळच्या दंगलीत, अशांची छाननी करा आणि त्यांची हत्यारं जमा करा असं आहे ते. त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते, कलेक्टर आणि एसपी तिच्यात असतात, आणि निकालानंतर आठवडा गेला की हत्यार परत द्यायचं. मुंबई हायकोर्टानंही सरसकट नको, छाननी करा असं सांगून झालंय. पण छाननी करायची म्हणजे एकेकाची फाइल उघडायची, त्यापेक्षा 'सरसकट जमा करा' हे तीन शब्द सोपे. म्हणून पुढच्या वेळी आचारसंहितेची वाट बघू नका, आधीच अर्ज टाका की माझ्यावर गुन्हा नाही, सातबारा सोबत जोडलाय, पीक उभं आहे, मला सूट द्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

आणि आपला १९५९ चा शस्त्र कायदा तुमच्या बाजूनं किती आहे ते वाचलंत तर चाट पडाल. कलम १३ मध्ये पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकीसाठी खास सोय आहे, आणि तिथली भाषा परवाना 'देऊ शकेल' अशी नाही तर 'देईल' अशी आहे, अर्थात बाकीच्या अटींत बसलात तर. पिस्तूल मागणाऱ्याला साहेबाला पटवावं लागतं की मला चांगलं कारण आहे, शेतकऱ्याचं पीक हेच कारण कायद्यानं आधीच मानलंय. (डुकराला गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते हे विसरू नका, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. नुसता बार काढून पळवणं वेगळं.)

अमेरिकेचं म्हणाल तर भाजीसारखी नाही मिळत. लायसनवाल्या दुकानात गेलात तर ४४७३ नंबरचा एक फॉर्म भरावा लागतो, नशा करता का, शिक्षा झालीय का, सगळं विचारतात, आणि १९९८ पासून कॉम्प्युटरवर लगेच तपासणी होते. हां, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला विकली तर पुष्कळ राज्यांत ही तपासणी नाही, तिथं मात्र तुमची भाजीची उपमा बऱ्यापैकी लागू आहे. हा ४४७३ लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

एक किस्सा सांगतो आणि पुढे जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिकडे दोन मोठे गोळीबार झाले, एल पासो आणि डेटनला, आणि ट्विटरवर मोठ्या मॅगझिनच्या (एका वेळी पुष्कळ गोळ्या मावणाऱ्या) रायफली हव्यात कशाला असा वाद पेटला. त्यात खेड्यातल्या एका माणसानं साधा प्रश्न टाकला की माझी लहान पोरं अंगणात खेळत असताना तीन ते पाच मिनिटांत ३० ते ५० रानडुकरं घुसतात, ती मी कशी मारू? अख्ख्या शहरी अमेरिकेनं त्याची टिंगल केली, आठवडाभर विनोद चालले. आता तुम्ही सांगा, आपल्याकडं कोण हसला असता? तिकडं टेक्सासात तर डुकरांचा असा सुळसुळाट आहे की २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं डुक्कर मारायला शिकारीचं लायसनच लागत नाही, हेलिकॉप्टरमधून मारायलासुद्धा कायद्यानं मुभा आहे. हेलिकॉप्टर राहू दे, आम्हाला आमची ठासणी मार्चमध्ये घरात असली तरी पुरे.

प्रश्न (चिपळूण, कॉलेजात शिकणारी वाचक): काका, माझा आत्तेभाऊ ह्यूस्टनला असतो. पाच वर्षांत पूर्ण बदललाय, दोन बंदुका घेतल्या, आणि व्हिडिओ कॉलवर म्हणतो ब्रिटिशांनी आपल्या बंदुका काढून घेतल्या म्हणून आपण गुलाम राहिलो. मी म्हटलं शाळेत गोळीबार होतात त्याचं काय, तर म्हणतो तुला मीडियानं ब्रेनवॉश केलंय. आत्या रडते. मला त्याच्याशी भांडायचं नाहीये पण त्याचं म्हणणं नक्की काय आहे ते तरी कळू दे.

भांडायचं नाहीये हे वाचून बरं वाटलं बाय, कारण दादा अगदीच हवेत बोलत नाहीये. अर्धा हवेत बोलतोय.

आधी इतिहास. १८७८ साली लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना शस्त्र कायदा आला. भारतीय माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. गांधीजींनी स्वतःच्या आत्मकथेत लिहिलंय की इंग्रजांच्या काळ्या कृत्यांत अख्ख्या प्रजेला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात सगळ्यात काळा ठरेल. गांधीजी! अहिंसावाले! १९३१ ला कराचीच्या काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा ठराव झाला त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क होता. मग १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामतांनी तोच हक्क घटनेत घाला म्हणून दुरुस्ती मांडली, कराचीचा दाखला देऊन. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की आजच्या काळात माणसाच्या हत्यार बाळगायच्या हक्कापेक्षा, वेळ पडली तर राज्यासाठी हत्यार उचलायचं कर्तव्य महत्त्वाचं. दुरुस्ती पडली. म्हणजे हा प्रश्न आपल्या घटनेच्या दारापर्यंत येऊन परत गेलाय, तो काही अमेरिकेतून आयात झालेला नाही, हे दादाला सांग, खूश होईल.

आणि मग हेही सांग की गुलामीचा हिशोब मात्र उलटा मांडलास. १८७८ च्या आधी आपल्याकडं हत्यारं होतीच की. पेशवाई १८१८ ला बुडाली तेव्हा परवाना कुठे होता? १८५७ ला तर सैन्याच्याच हातात बंदुका होत्या. हरलो ते बंदुका नव्हत्या म्हणून नाही.

अमेरिकेत हे वेगळ्या बाजूनं आलं. तिकडं शस्त्र बाळगायच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचा मुद्दा थोडक्यात असा की हा हक्क सरकारनं दिलेला नाही, तो आधीपासून आहे, सरकारनं फक्त हात लावायचा नाही. बरीच वर्षं कोर्टात हे कोणी गंभीरपणे घेत नव्हतं. २००८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टात हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ नं ठरलं की घरात स्वसंरक्षणाला पिस्तूल ठेवणं हा एकेका माणसाचा हक्क आहे. २०२२ ला ब्रूएन खटला आला, तो तर आपल्या माणसाला लगेच कळेल असा. न्यूयॉर्कमध्ये बाहेर पिस्तूल घेऊन फिरायचं तर अधिकाऱ्याला 'योग्य कारण' पटवून द्यावं लागायचं. सगळ्यांना असते तशी भीती चालायची नाही, तुमचं काहीतरी खास पाहिजे. कोर्टानं ६ विरुद्ध ३ नं सांगितलं की असं चालणार नाही, हक्क वापरायला साहेबाची मर्जी कशाला? आपल्याकडं परवान्याला चकरा मारलेल्या कुठल्याही माणसाला विचार, मर्जी म्हणजे काय ते.

पण २०२४ ला त्याच कोर्टानं, तेवढ्याच कॉन्झर्व्हेटिव्ह कोर्टानं, राहिमी खटल्यात ८ विरुद्ध १ नं म्हटलं की घरात मारहाण करतो म्हणून ज्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आहे त्याची बंदूक काढून घेता येते. मला हे जोडीनं वाचायला आवडतं. सरसकट सगळ्यांना अडवू नका, पण जो माणूस धोक्याचा आहे असं कोर्टानं बघून ठरवलंय त्याला द्यायची गरज नाही. कणकवलीच्या काकांची छाननी समिती आणि ही गोष्ट एकच आहे बघ.

आता दादा जिथं गडबड करतो ते. त्याच्या बाजूचे लोक नेहमी घरात घुसलेल्या चोराबद्दल बोलतात. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. चोर नाही, परका नाही, स्वतःच्या घरातली बंदूक आणि स्वतःचा वाईट दिवस. हा आकडा तिकडचे बंदूकवाले पटकन पुढं करत नाहीत, आणि करतात तेव्हा 'गुन्हे दिसतात तेवढे नाहीत' हे दाखवायला करतात, जे खरंही आहे पण त्या माणसांच्या आयांना काय त्याचं. तिकडं लोकांच्या हातात अंदाजे ३९ कोटी बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त, तेव्हा आता गोळा करून संपवू असं म्हणणारेही स्वप्नातच आहेत. दादाला एकच विचार, तुझ्या दोन बंदुका कुलपात असतात का आणि किल्ली कोणाकडे? याचं नीट उत्तर आलं तर आत्याला सांग की रडू नकोस.

(उलट दाखलाही देऊन ठेवतो. खाली कर्नाटकात कूर्गच्या कोडवांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, केंद्रानं २०१९ ला ती २०२९ पर्यंत वाढवली, हायकोर्टानंही मान्य केली. म्हणून कूर्गात रोज गोळीबार होतात असं कोणी ऐकलंय का? पण ते परंपरेनं बंदूक पूजणारे लोक आहेत, एका समाजाची शिस्त दुसरीकडं कायद्यानं नेता येत नाही हेही आहे.)

प्रश्न (लांजा): रिपब्लिकन (अमेरिकेतल्या उजव्यांचा पक्ष) म्हणजे आपल्याकडचा कुठला पक्ष म्हणायचा?

कुठलाच नाही. आपल्याकडं उजवा असो की डावा, रेशन, कर्जमाफी, बहिणींना पैसे यात कोणी मागे नाही, आणि बंदुकीवर तर कुठल्याच पक्षाला मत नाही. तुलना करायचा मोह सोडा.

प्रश्न (रत्नागिरी, निवृत्त शिक्षक): आपण मीडियावर नेहमी सांभाळून लिहिता. माझं स्पष्ट मत आहे की इथला आणि तिथला, सगळा मीडिया विकला गेलेला आहे. अमेरिकेत ट्रम्प वगैरे लोक हेच म्हणतात तर त्यांना वेडे ठरवतात. आपलं मत सांगावे, गुळमुळीत नको.

गुळमुळीत नाही सांगत सर. 'सगळा विकला गेलाय' हेही सरसकटच झालं, आणि तुम्ही वर्गात 'सगळी पोरं कॉपी करतात' असं म्हणून सगळ्यांना शून्य दिलं नसतंत.

तिकडच्या उजव्यांच्या तक्रारीत दम आहे, हे आधी. गॅलप नावाची मतचाचणी घेणारी संस्था दरवर्षी विचारते की बातम्यांवर विश्वास आहे का, १९७० च्या दशकात साधारण शंभरात सत्तर लोक हो म्हणायचे, २०२५ ला २८ म्हणाले. डेमोक्रॅटांत ५१ आणि रिपब्लिकनांत फक्त ८. शंभरात आठ! इतक्या लोकांचा विश्वास उडतो तेव्हा सगळे वेडे झाले असं म्हणून चालत नाही, दुकानदारानं माल तपासायला हवा.

उदाहरण घ्या २०२० च्या ऑक्टोबरचं. निवडणुकीला तीन आठवडे असताना न्यूयॉर्क पोस्टनं ट्रम्पच्या विरोधातले उमेदवार जो बायडन यांच्या मुलाच्या, हंटरच्या लॅपटॉपमधल्या ईमेलची बातमी दिली. ट्विटरनं लिंकच अडवली, माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्र काढलं की यात रशियाचा हात दिसतोय, आणि बऱ्याच मोठ्या पेपरांनी मान दुसरीकडं वळवली. २०२२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी त्यातले ईमेल खरे असल्याचं सांगितलं. आणि गंमत म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये हंटर दोषी ठरला तो कशात, तर त्या ४४७३ नंबरच्या फॉर्ममध्ये, बंदूक घेताना नशा करत नाही असं खोटं लिहिलं म्हणून! तोच लॅपटॉप कोर्टात पुरावा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या बापानं माफी दिली. बंदूक आणि बातमी या दोन्ही तक्रारी एकाच फॉर्मवर येऊन भेटल्या, आणि तेव्हा काही कट्टर बंदूकवाले म्हणत होते की हा कायदाच घटनाबाह्य आहे, म्हणजे हंटरच्या बाजूनं. असो.

पण मग त्यांचंच चॅनल बघा. फॉक्सनं २०२० च्या मतदान यंत्रांबद्दल भलतंसलतं दाखवलं, आत खाजगीत स्वतःलाच पटत नव्हतं तरी, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला ७८.७५ कोटी डॉलर मोजून तडजोड केली. तिकडं १९४९ पासून एक नियम होता की रेडिओ-टीव्हीवाल्यांनी वादाच्या विषयात दुसरी बाजूही दाखवायची. १९८७ ला रेगनच्या काळात तो काढला. उजव्यांना हवं होतं ते मिळालं, दुसऱ्या वर्षापासून रेडिओवर त्यांचा आवाज देशभर घुमायला लागला. ठीक आहे, बोलू द्या. पण मग 'आमची बाजू कोणी दाखवत नाही' हे रडगाणं कमी करा ना.

आणि आपण कोकणातली माणसं, आपल्याला निःपक्षपाती पेपरचं एवढं अप्रूप कशाला? देवगडजवळच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, ते लोकांना चार गोष्टी शिकवाव्यात म्हणून, म्हणजे बाजू होतीच. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा 'केसरी' निःपक्षपाती होता असं कोणी म्हणेल का? पण लपवाछपवी नव्हती, कोण बोलतोय आणि कुठे उभा राहून बोलतोय ते पहिल्या ओळीत कळायचं. माझी तक्रार त्या अँकरबद्दल आहे जो एका बाजूला उभा राहून मधे उभा असल्याचं दाखवतो.

वर लिटनचा शस्त्र कायदा सांगितला ना, त्याच लिटननं त्याच वर्षी, १८७८ लाच, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा कायदा आणला. इंग्रजी पेपरांना सूट, देशी भाषांना लगाम. बंगालातली अमृत बझार पत्रिका रातोरात इंग्रजी झाली त्यातून सुटायला. बंदुकीत गोरा सुटला, पेपरात गोऱ्याची भाषा सुटली. लिटननंतरच्या व्हाइसरॉय रिपननं १८८२ ला पेपरवाला कायदा रद्द केला, बंदुकीचा मात्र १९५९ चा नवा कायदा येईपर्यंत राहिला. लेखणी चार वर्षांत परत मिळाली, बंदुकीला एक्क्याऐंशी लागली आणि तीही परवान्यासकट. मला हे दोन कायदे वेगळे वाटतच नाहीत, एका माणसाच्या एका भीतीतून आलेत.

इथल्या पक्षपाताबद्दल विचाराल तर माझ्या मते तो उजवा-डावा कमी आणि मुंबई-पुणं विरुद्ध बाकी सगळे असा जास्त आहे. २०२५ च्या जुलैत नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला नेली तर चॅनलांवर दिवसचे दिवस तेच. आणि आमच्या दोडामार्गात कर्नाटकातून आलेले हत्ती वीसेक वर्षं माड आणि केळी आडवे करतायत, माणसं गेली, त्याला किती मिनिटं मिळाली? खोटं कोणी नाही बोललं. फक्त कॅमेरा आला नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगतो, बंदुका जमा करण्यावर एका दैनिकाला मी दोन पानं लिहून दिली होती, छापताना त्यांनी शेजारी फोटो टाकला पिस्तुलाचा, काळं चकचकीत, सिनेमातल्या भाईच्या हातातलं असतं तसं. खाली माझं नाव. ज्यानं ठासणी कधी बघितलीच नाही त्याला बंदूक म्हणजे तेच वाटणार, त्यात त्याचा डाव काही नव्हता.

आणि 'विकला गेलाय' म्हणताना राजापूर आठवा सर. २०२३ च्या फेब्रुवारीत रिफायनरीच्या वादात एका पत्रकाराची बातमी छापून आली, त्याच दिवशी त्याला गाडीनं उडवलं, दुसऱ्या दिवशी तो गेला, खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याला कोणी विकत घेतलं नव्हतं.

प्रश्न (वेंगुर्ला, वय २२): चार्ली कर्कला (अमेरिकेतला उजवा तरुण कार्यकर्ता) मारलं तेव्हा माझ्या ग्रुपमधले काही जण हसत होते, काही म्हणत होते बंदुकीच्या बाजूनं बोलायचा म्हणून बरं झालं. मला त्याची मतं पटत नव्हती तरी कसंतरी झालं. मी चुकतोय का?

नाही रे झिला, चुकत नाहीयेस. १० सप्टेंबर २०२५ ला युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत भर गर्दीत तो बसला होता, समोर पोरं येऊन प्रश्न विचारत होती, आणि गोळी लागली तेव्हा प्रश्न गोळीबारांवरचाच चालला होता. एकतीस वर्षांचा माणूस. तो म्हणायचा की दुसऱ्या घटनादुरुस्तीसाठी दरवर्षी काही मृत्यू ही मोजावी लागणारी किंमत आहे. मला ते वाक्य तेव्हाही खटकलं होतं कारण किंमत नेहमी दुसऱ्याच्या घरातून जाते, पण म्हणून त्याच्या घरातून गेली तर टाळ्या वाजवायच्या? तो बोलून वाद घालत होता, ज्यानं गोळी घातली त्याला वाद घालायचा नव्हता.

यातून पुढे जे झालं ते तुझ्या ग्रुपला वाचायला दे. जिमी किमेल नावाच्या विनोदी अँकरनं कार्यक्रमात त्यावर काही शेरा मारला. रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी उघड सांगितलं की हे सोप्या मार्गानं होईल नाहीतर कठीण मार्गानं, आणि १७ सप्टेंबरला त्याच्या एबीसी चॅनलनं कार्यक्रम थांबवला. २३ ला परत चालू झाला. म्हणजे इतकी वर्षं 'मीडिया आमचा आवाज दाबतो' म्हणणाऱ्यांचं सरकार आलं आणि त्यांनी पहिली काठी कुठली उचलली बघ. पण सगळ्यांनी नाही हां. टेड क्रूझ, कट्टर रिपब्लिकन, टेक्सासचा सिनेटर, त्यानंच कारना सुनावलं की हे गुंडांसारखं बोलणं झालं, आज आपण वापरू, उद्या दुसरे आपल्यावर वापरतील. मला विचारशील तर कॉन्झर्व्हेटिव्ह त्याला म्हणतात, जो आपलं सरकार असतानाही सरकारच्या हातातल्या काठीला घाबरतो. बाकीचे नुसते आपल्या टीमचे.

ग्रुप सोडू नकोस. हसणाऱ्यातल्या एकाला तरी दोन दिवसांनी लाज वाटली असेल, तो बोलणार नाही एवढंच.

प्रश्न (गुहागर, आजी, नातवानं टाइप करून पाठवलंय): आमचे हे चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांची परवान्याची बंदूक माजघरात खुंटीला आहे. मुलगा ठाण्याला. सून म्हणते विकून टाका, दीर म्हणतात माझ्याकडे द्या. मी तिला हातसुद्धा लावत नाही. काय करू?

आजी, दिरांकडे देऊ नका आणि विकूही नका, आत्ता लगेच तरी नाही. परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला, त्यामुळे आज ती बंदूक घरात असणंच नियमात बसत नाही, आणि भावकीत दुसऱ्याच्या हाती दिलीत तर त्यांच्यावरही बिनपरवाना हत्याराचा गुन्हा होऊ शकतो. घाबरू नका, पण अजून लांबवू नका.

मुलाला शनिवारी बोलवा. आजोबांचा मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, आणि बंदूक घेऊन त्यानं पोलीस स्टेशनला जायचं, हवं तर जायच्या आधी फोन करून सांगायचं म्हणजे वाटेत कोणी अडवलं तर उत्तर असतं. तिथं वारसाच्या नावानं जमा करून पावती घ्यायची. पोलिसांकडं नको असेल तर परवानावाल्या शस्त्र विक्रेत्याकडंही ठेवता येते. जमा केली म्हणजे गेली असं नाही, मुदतीत मुलानं वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्याला अर्ज केला तर मिळू शकते, नको असेल तर परवाना असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला रीतसर विकता येते. ठाण्यात राहून शेती संरक्षणाचा परवाना मागितला तर विचारणारच की शेती कोण करतो, तेव्हा दीरच जमीन कसत असतील तर त्यांनी आपल्या नावानं स्वतंत्र अर्ज करणं सोपं.

आणि खुंटीवरून काढताना मुलाला आधी बघायला सांगा ठासलेली आहे का. जुने लोक पावसाळ्याच्या तोंडाला भरून ठेवायचे आणि विसरायचे.